दक्षिणेकडची खोली

टेलेक्स म्हणजे तारेवरून दूरच्या यंत्रावर मजकूर छापणारं टंकयंत्र. त्यावरून बातमी पाठवायची तर आधी टेप पाडावी लागे. यंत्र लाइनला न जोडता बातमी टंकायची, की कागदी पट्टीवर प्रत्येक अक्षरासाठी पाच जागांपैकी काही जागी भोकं पडत जात. पट्टी तयार झाली की क्रमांक फिरवायचा, पलीकडच्या यंत्राने स्वतःची ओळख छापेपर्यंत थांबायचं आणि मग पट्टी आत सरकवायची. मिनिटाला साधारण ६६ शब्द जात. म्हणजे सहाशे शब्दांची बातमी नऊ मिनिटांत, लाइन तेवढा वेळ टिकली तर. पैसे मिनिटांवर असत. थेट लाइनवर विचार करत टंकत बसणारा वार्ताहर हिशेब खात्याच्या डोळ्यांवर येई.

टेलेक्समध्ये अक्षरं आणि आकडे एकाच भोकांनी छापले जात. ‘आता आकडे’, ‘आता अक्षरं’ असा इशारा तेवढा मध्ये जायचा. लाइनच्या खरखरीत हा इशारा गळाला की पुढची अख्खी ओळ पलीकडे आकडे आणि विरामचिन्हांचा खच होऊन पडे. उलटं झालं तर मृतांच्या संख्येच्या जागी निरर्थक अक्षरं. म्हणून बातमी संपली की तिच्यातले सगळे आकडे शेवटी पुन्हा एकदा ओळीने टंकायचे : मृत, जखमी, तारखा, वयं. माझ्याकडे त्या काळातल्या काही प्रती आहेत. कितीतरी बातम्यांमध्ये आता मजकूर वाचवत नाही, इतका तो शिळा झालाय. पण तळाची ती आकड्यांची ओळ वाचली की सगळी घटना समोर उभी राहते.

मी वृत्तसंस्थेत होते. वर्तमानपत्राच्या वार्ताहराला दिवसातून एक डेडलाइन असते. वृत्तसंस्थेला ती सतत असते, कारण जगात कुठे ना कुठे कुणाचं तरी पान लागत असतं. निवृत्त झाल्यावर भेटणारी माणसं युद्धांबद्दल विचारतात, मोठ्या नेत्यांबद्दल विचारतात, भीती वाटायची का असं विचारतात. मला मात्र एखाद्या शहराचं नाव काढलं की आधी आठवतं, तिथून बातमी बाहेर कशी काढली. हा धंद्याने लावलेला दोष असेल. पण धंदा उभा राहिला तोच त्यावर. पॉल ज्युलियस रॉयटरने १८५० मध्ये आखेन आणि ब्रुसेल्सच्या मध्ये कबुतरं उडवली, कारण तेवढ्या टप्प्यात तारेची लाइन पोचलेली नव्हती. बातमी दोन्ही टोकांना होतीच. त्याने विकली ती मधली तुटलेली जागा.

परदेशी पोस्टिंग मिळण्याआधी मी डेस्कवर होते, आणि डेस्कवरच मला कळलं की पाठवलेली बातमी पुढे काय काय करू शकते. ९ नोव्हेंबर १९८९ ची संध्याकाळ. पूर्व बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांची पत्रकार परिषद सुरू होती, बहुतांश कंटाळवाणी. संपता संपता त्यांनी प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचला, आणि हे कधीपासून लागू, असं विचारल्यावर कागद चाळत ‘लगेच, ताबडतोब’ असं काहीसं म्हणाले. खरं तर नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून व्हिसा घेणाऱ्यांसाठी होते. पण सात वाजल्यानंतर वृत्तसंस्थांच्या तारा सुटल्या आणि एकीने तर सरळ ‘पूर्व जर्मनीने सीमा उघडल्या’ असंच म्हटलं. आठच्या बातम्यांत पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीने तेच सांगितलं. पूर्वेकडचे लोक पश्चिमेचा कार्यक्रम पाहत होतेच. ते उठून बर्लिनच्या भिंतीतल्या नाक्यांवर गेले. पहारेकऱ्यांना कसलाच हुकूम नव्हता, आणि साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर श्ट्रासेचा नाका त्यांनी गर्दीपुढे उघडून टाकला. सातला जी बातमी पुरती खरी नव्हती, ती मध्यरात्रीपर्यंत लोकांनी खरी करून दाखवली. आमच्या खोलीत टेलिप्रिंटरची घंटा वाजत होती आणि मुख्य उपसंपादक एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘उघडल्या की उघडणार? नीट विचारा.’ विचारायला फोन लागत नव्हता. दोन्ही बर्लिनमधल्या टेलिफोनच्या लाइन मुळातच मोजक्या, त्या रात्री तर काय!

पुढे मी बाहेर पडले तेव्हा टेलेक्सचे दिवस सरत आले होते. हातात टँडीचा छोटा संगणक आला. पडद्यावर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं, चार साध्या पेन्सिल सेलवर दिवस न् दिवस चालायचा. त्याच्या मोडेमचा वेग आज सांगितला तर नातवंडांच्या वयाची मुलं हसतात, पण टेलेक्सवर नऊ मिनिटं खाणारी बातमी तो दोन मिनिटांत पाठवायचा. अडचण हॉटेलच्या फोनची. रिसीव्हरवर बसवायच्या रबरी वाट्या मिळायच्या. वाटी नीट बसली नाही तर खोलीतला आवाजही बातमीत शिरायचा आणि पलीकडे कचरा उमटायचा. मग आम्ही भिंतीवरची फोनची डबी उघडून तारांना चिमटे लावायला शिकलो. माझ्या पर्समध्ये कायम एक स्क्रूड्रायव्हर असे. विमानतळांवर तो तेव्हा कुणी काढून घेत नसे.

आणि मग उपग्रह आले. सुरुवातीचा सॅटेलाइट फोन म्हणजे मोठी सूटकेस, उचलायला दोन माणसं. पण त्याने एक मूलभूत गोष्ट बदलली : आता सरकारच्या टपाल खात्याची गरज उरली नाही. टेलेक्सच्या काळाबद्दल हळवं होणारे माझे समवयस्क हे विसरतात. तेव्हा एका माणसाने केंद्रातला एक खटका खाली केला की देश गप्प होत असे. मला त्या दिवसांची अजिबात ओढ नाही.

उपग्रहाला फक्त आकाश लागतं. हे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबर फिरत जागच्या जागी राहतात. त्यामुळे उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून दूर कुठेही असा, डिश दक्षिणेच्या आकाशाकडेच करावी लागते, थोडी आग्नेयेला नाहीतर नैर्ऋत्येला. हॉटेलात शिरल्यावर इतर पाहुणे समुद्र दिसणारी खोली मागत, आम्ही दक्षिणेकडची मागायचो. काउंटरवरच्या माणसाला कारण सांगायची सोय नसे. माझ्यासारखीला तर तो हमखास म्हणे, ‘बाई, त्या बाजूला ऊन फार येतं.’

बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, हा नियम उलटा पडला. वेढा १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला, १,४२५ दिवस. आम्ही बहुतेक जण हॉलिडे इनमध्ये असायचो. ते पिवळं चौकोनी हॉटेल शहराच्या मोठ्या रस्त्यावर होतं, आणि त्याच्या दक्षिणेला नदीपलीकडे ग्रबावित्सा, सर्ब सैनिकांच्या ताब्यातला भाग. म्हणजे ज्या बाजूला उपग्रह, त्याच बाजूला नेमबाज. दक्षिणेच्या खोल्या फुटलेल्या, रिकाम्या. आम्ही मागच्या बाजूला झोपायचो आणि बातमी पाठवायची वेळ झाली की डिशला आकाश कुठून दाखवायचं याची खलबतं. कुणी दोन भिंतींच्या फटीतून दाखवे, कुणी अंधार पडण्याची वाट पाही. काही संस्थांनी आपलं बस्तान दूरचित्रवाणीच्या जाडजूड काँक्रीट इमारतीत हलवलं. तिथून चित्रं बाहेर जात आणि एकमेकांच्या स्पर्धक संस्थासुद्धा चित्रीकरण वाटून घेत, कारण रोज सगळ्यांनी त्याच चौकात जाऊन मरण्यात काही अर्थ नव्हता. शहरात शिरायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या विमानाने. त्याला सगळे ‘मेबी एअरलाइन्स’ म्हणायचे आणि त्या नावाचा शिक्काही विनोदाने पासपोर्टवर मारून मिळे. चिलखती जाकीट असल्याशिवाय विमानात घेत नसत. ती जाकिटं पुरुषांच्या छातीच्या मापाची. माझं खाली कमरेच्या हाडावर आदळायचं आणि वरून गळा उघडाच राहायचा. तक्रार करण्याइतकी ती गोष्ट तेव्हा कुणाला मोठी वाटत नसे.

सारायेव्होचे फोन बंद होते. शहरातली माणसं बाहेरच्या नातेवाइकांशी महिनोन् महिने बोललेली नव्हती, आणि आमच्या खोलीत एक यंत्र होतं ज्यावरून जगात कुठेही बोलता येई. खाजगी फोन करू देऊ नयेत, असा मुख्यालयाचा लेखी नियम होता. मिनिटाचा दर पाहता तो बरोबरही होता. तो पाळणारा वार्ताहर मला तरी भेटला नाही. संध्याकाळी बातमी गेली की दुभाष्याची मावशी, ड्रायव्हरचा शेजारी, हॉटेलात पाणी आणून देणारा मुलगा असे एकेक जण येत. प्रत्येकाला एक मिनिट. एक बाई बोलायचं सगळं कागदावर लिहून आल्या होत्या : कोण जिवंत, कोण गेलं, घराच्या खिडक्या गेल्या पण भिंती आहेत, औषधाचं नाव. पण उपग्रहावरून आवाज जायला-यायला मिळून अर्धा सेकंद लागतो. इतक्या दिवसांनी आवाज ऐकल्यावर कोण अर्धा सेकंद थांबणार? दोन्हीकडून एकदम बोललं जाई, दोघंही एकदम थांबत, मग पुन्हा एकदम सुरू करत आणि मिनिट संपून जाई. त्या बाईंची मुलगी पलीकडून फक्त ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहिली. नंतर आम्ही फोन हातात देण्याआधी शिकवायला लागलो : एक वाक्य बोला, मनात ‘एक’ म्हणा, मग ऐका. दुभाष्या हे इतक्या गंभीरपणे शिकवायचा की रांगेतली माणसं आपापसांत सराव करायची.

खर्चाच्या अहवालात ही मिनिटं ‘लाइन तपासणी’ म्हणून जात. मुख्यालयातल्या हिशेबनिसाला ते कळत असणार. त्याने कधी विचारलं नाही.

१९९४ च्या एप्रिलमध्ये मी जोहान्सबर्गला होते. २६ ते २९ एप्रिल, दक्षिण आफ्रिकेची सर्व वर्णांसाठी खुली असलेली पहिली निवडणूक. जगातले हजारो पत्रकार तिथे लोटले होते, आणि इतका आनंद क्वचितच वार्तांकनात वाट्याला येतो. त्याच महिन्यात, ६ तारखेला, रवांडाच्या राजधानीवर, किगालीवर, राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं होतं आणि देशात कत्तल सुरू होती. परदेशी नागरिकांना बाहेर काढणाऱ्या फ्रेंच आणि बेल्जियन सैनिकांबरोबर बहुतेक पत्रकारही बाहेर पडले. मागे राहिलेले हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. हत्येचं थेट चित्रीकरण जवळपास नाहीच; त्यातलं एक, निक ह्यूज या ब्रिटिश कॅमेरामनने एका शाळेच्या छतावरून, लांबून केलेलं. शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.

जुलैत मी गोमाला गेले. सीमेपलीकडच्या झाईरमधल्या (आताचा काँगो) त्या गावात काही दिवसांत सुमारे दहा लाख लोक येऊन थडकले होते आणि कॉलऱ्याने रोज शेकडोंनी मरत होते. विमानतळाशेजारी डिशांचं रान उगवलं होतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दक्षिण शोधायची गरज नव्हती. डिश पूर्वेला किंवा पश्चिमेला उंच करून ठेवायची, आणि दिवसभर सगळं सुरळीत जायचं. चित्रं अप्रतिम येत होती. पळून आलेल्या त्या गर्दीत कत्तल करणारेही मोठ्या संख्येने होते, हे आम्ही लिहीत होतो. पण चित्रात मरणारं मूल दिसे, त्याच्या शेजारच्या माणसाने एप्रिलमध्ये काय केलं ते दिसत नसे. गोमा जगाने पाहिलं, कारण तिथे वापरता येणारी धावपट्टी होती, मोकळं आकाश होतं आणि गोळी लागण्याची भीती कमी होती. किगालीत धावपट्टी होती, पण ती लढाईत सापडलेली. वार्तांकनाच्या अभ्यासक्रमांत याची पुष्कळ तात्त्विक कारणं शिकवतात. मला वाटतं, त्यातली निम्मी कारणं धावपट्टी वापरता येते की नाही, यातच सापडतील.

बगदादमध्ये सद्दाम हुसेन यांच्या काळात उलटी तऱ्हा. आकाश मोकळं, पण फोनवर बंदी. सॅटेलाइट फोन माहिती मंत्रालयाच्या प्रेस सेंटरमध्येच ठेवायचा, तिथूनच वापरायचा, आणि त्याचं शुल्क रोजच्या रोज भरायचं. बरोबर सरकारी माणूस असायचाच. तोवर हातात मावणारे थुराया फोन आले होते, आणि हॉटेलच्या खोलीत असा फोन सापडणं म्हणजे हेरगिरीचा संशय. तरी लोकांनी ते आणले. रात्री दिवे घालवून खिडकीत उभं राहायचं, दक्षिणेकडे तोंड करून. मी तो उद्योग थोडे दिवस केला, फार नाही.

मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा मला अम्मानला ठेवलं होतं, आतल्या सहकाऱ्यांच्या बातम्या घ्यायला. ८ एप्रिलला अमेरिकी रणगाड्याचा गोळा पॅलेस्टाइन हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर पडला. रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पॅनिश वाहिनीचे होसे कोउसो हे कॅमेरामन गेले. त्याच सकाळी अल जझीराच्या कार्यालयावरच्या हल्ल्यात तारेक अय्युब गेले होते. शहरात सगळे पत्रकार त्या हॉटेलात आहेत हे अख्ख्या जगाला ठाऊक होतं. डेस्कवर बसून ऐकताना मला कळत होतं की गच्ची-गॅलरीत उभं राहण्यावाचून कॅमेऱ्याचं आणि डिशचं काम होत नाही. हे मी आदेश देणाऱ्यांच्या बाजूने म्हणत नाही; लांबून पाहणाऱ्याला गॅलरीतला माणूस कसा दिसू शकतो, ते आम्हाला सारायेव्होपासून माहीत होतं आणि रणगाड्यातल्यांना ते सांगितलं गेलेलं असायला हवं होतं.

इंडोनेशियातल्या बांदा आचेबद्दल थोडंसंच. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटेने चौदा देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसं नेली, त्यांतली सर्वांत जास्त आचे प्रांतात. मी पोचले तेव्हा शहराचा किनाऱ्याकडचा भाग सपाट होता. तिथे डिश पश्चिमेला, हिंदी महासागराच्या दिशेने करावी लागते, आणि अडथळा म्हणून एक भिंत उरलेली नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत उत्तम सिग्नल मला तिथे मिळाला.

कैरोत २०११ च्या जानेवारीत पुन्हा खटका खाली झाला. २७ च्या मध्यरात्रीनंतर इजिप्तमधलं इंटरनेट जवळजवळ संपूर्ण बंद. २८ ला मोबाइलही. तहरीर चौकात सरकारविरोधी आंदोलकांचा सागर, आणि आमच्या तरुण सहकाऱ्यांच्या हातात निकामी काचेचे तुकडे. पण कुणाच्या तरी लक्षात आलं की घरगुती टेलिफोन चालू आहेत. मग मी चक्क बातमी तोंडी सांगितली, जशी नोकरीच्या सुरुवातीला सांगायची. ‘परिच्छेद. स्वल्पविराम. नावाचं स्पेलिंग सांगते, एकेक अक्षर घ्या.’ पलीकडे टंकणारी मुलगी मध्येच म्हणाली, ‘हे रेकॉर्ड करून नंतर लिहू का?’ मी म्हटलं, लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आत्ताच लिही, आणि आकडे मला परत वाचून दाखव. शेजारी बसलेला आमचा फोटोग्राफर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी चकमक घासून विस्तव काढला. २ फेब्रुवारीला नेट परत आलं आणि माझं महत्त्व संपलं.

शेवटची वर्षं मी मुख्यालयात, सीरियातून येणारे व्हिडिओ तपासण्याच्या कामावर होते. आता बातमी बाहेर काढायची अडचण उरली नव्हती. ती शेकड्यांनी आपणहून बाहेर येत होती. २२ फेब्रुवारी २०१२ ला होम्समध्ये मारी कोल्विन आणि रेमी ओश्लिक हे पत्रकार मारले गेल्यानंतर आत माणूस पाठवायला संस्था कचरू लागल्या. मग आम्ही मिनाराचा आकार जुळवायचो, सावलीच्या लांबीवरून वेळ काढायचो, त्या दिवशी तिथे पाऊस होता का ते पाहायचो, बोलणाऱ्याची बोली कुठली ते जाणकाराला विचारायचो. मे २०१२ मध्ये हूला इथल्या हत्याकांडाचं म्हणून एक छायाचित्र जगभर फिरलं : पांढऱ्या कफनांच्या रांगांवरून उडी मारणारा मुलगा. ते प्रत्यक्षात २००३ मध्ये इराकमध्ये काढलेलं होतं. हूलाचं हत्याकांड मात्र खरं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे वाचकांना समजावण्यात आमचे कितीतरी दिवस गेले, आणि ज्यांना समजून घ्यायचं नव्हतं त्यांना तो एक फोटो पुरला.

आता ज्या माणसांमुळे हे सगळं शक्य झालं त्यांच्याबद्दल. त्यांना आमच्या भाषेत ‘फिक्सर’ म्हणतात. दुभाष्या, वाटाड्या, ड्रायव्हर शोधणारा, कोणत्या रस्त्याने आज जाऊ नये ते सांगणारा, आणि कित्येकदा बातमी मुळात ओळखणारा. काम करताना मारल्या जाणाऱ्या पत्रकारांत दहापैकी सुमारे नऊ स्थानिक असतात, असं पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सीपीजेच्या नोंदी सांगतात. २००७ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानातल्या हेल्मंदमध्ये तालिबानने एका इटालियन पत्रकाराबरोबर त्याचा ड्रायव्हर सय्यद आगा आणि दुभाष्या अजमल नक्शबंदी यांना पकडलं. ड्रायव्हरला आधीच मारलं. पाच तालिबानी कैद्यांच्या बदल्यात इटालियन सुटला. नक्शबंदीला एप्रिलमध्ये मारलं. काबूलमधल्या प्रत्येक फिक्सरला त्या दिवशी आपली किंमत कळली, आणि आम्हालाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, आणि निवृत्तीनंतर बंद असलेलं माझं काम पुन्हा सुरू झालं. माझ्याबरोबर काम केलेल्यांचे निरोप येऊ लागले. देश कुठलाही असो, व्हिसाचा अर्ज एकच गोष्ट मागतो : तुम्ही परदेशी वृत्तसंस्थेसाठी काम केल्याचा पुरावा. नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, एकत्र काढलेले फोटो. यांतलं त्यांच्याकडे काहीही नव्हतं, आणि नसण्याचं कारण आम्हीच होतो. नेमणूक कधी झालीच नाही, रोजावर काम चाले, पैसे रोख डॉलरमध्ये. ओळखपत्र नाक्यावर सापडलं तर जीव जायचा, म्हणून ते देत नसू. फोटोत ते मुद्दाम येत नसत. बातमीला नाव जोडू का, असं मी विचारलं की उत्तर एकच, ‘नको, आईला त्रास होईल.’ त्या दिवसांत जे जे सुरक्षित होतं, ते सगळं आता अर्जातली रिकामी जागा होऊन बसलं होतं.

मग मी खोकी काढली. संस्थेच्या हिशेब खात्याने जुनी कागदपत्रं केव्हाच नष्ट केली होती, नियमाप्रमाणे. पण खर्चाच्या अहवालांच्या माझ्या कार्बन प्रती होत्या. वह्या होत्या. वह्यांमध्ये एक गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती : मला नावं लिहिता येत नसत तेव्हा वही त्यांच्या हातात द्यायची आणि ते दरी या त्यांच्या भाषेत नाव लिहून खाली उच्चार लिहायचे. पानोपानी त्यांचं हस्ताक्षर. शेजारी माझी तारीख, गावाचं नाव. एका वकीलबाईंनी सांगितलं, हे चालेल. प्रत्येक पानाची प्रत काढा, आणि पत्रात विशेषणं लिहू नका. ‘अत्यंत विश्वासू आणि धाडसी’ असं मी लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. कुठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय काम, रोज किती. मी बरीच पत्रं अशी लिहिली. काही माणसं बाहेर पडली, काही शेजारच्या देशांत मुदत संपलेल्या व्हिसावर अडकली आहेत. एकाने उत्तर देणं थांबवलं आहे.

ज्याच्यासाठी सर्वांत जास्त खटपट चालू आहे तो माझ्याबरोबर अफगाणिस्तानच्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत होता, ९ ऑक्टोबर २००४. सकाळी मतदान केंद्रांवर बोटाला लावायची पक्की शाई धुतली जात असल्याची ओरड झाली आणि दुपारपर्यंत विरोधी उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला. ओरड खरी की खोटी, ते आम्ही सगळ्यांच्या आधी सांगू शकलो, कारण त्याने स्वतः मत दिलं होतं आणि गाडीतल्या पाण्याने, साध्या साबणाने माझ्यासमोर अंगठा स्वच्छ करून दाखवला. त्या आठवड्याची वही मात्र सापडत नाही. संस्थेच्या संग्रहात बातमी आहे. तिच्यात वाक्य आहे, ‘शाई साध्या साबणाने निघत असल्याचे आढळले.’ वकीलबाईंनी विचारलं, अंगठा कुणाचा होता ते शपथपत्रावर लिहाल का? लिहिलं, नावासकट. अर्ज पुढे सरकला, आणि गेल्या महिन्यात दूतावासाने आणखी एक कागद मागितला : त्या वर्षीच्या पगाराच्या पावत्या. पगार नव्हता, रोज होता, रोख दिला जाई, असं मी पुन्हा एकदा लिहून पाठवलं आहे, आणि तेव्हाच्या फोटोग्राफरला त्याच्या निगेटिव्ह चाळायला बसवलं आहे.